पानिपतचा खुर्दा

पानिपतच्या पराभवाची बातमी उत्तरेच्या वाटेला लागलेल्या नानासाहेब पेशव्यांना कळली ती एका सावकारी पत्रातून, असे आपण ऐकत आलो आहोत. पत्र पेढीवरचे, म्हणून भाषाही पेढीवरची. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये व तांब्याची नाणी किती गेली त्याची बेरीजच लागत नाही, असा त्याचा मतलब. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे नामांकित सरदार. आणि खुर्दा म्हणजे बाकी सगळे. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात हा मजकूर इंग्रजीत दिला. आज शाळेची पायरी चढलेल्या मराठी माणसाने तो ऐकलेला नसेल, असे सहसा घडत नाही.

त्या सावकाराला मी दोष देत नाही. पत्र वाटेत कोणाच्या हाती पडेल याचा नेम नव्हता. थोडक्यात सांगायचे होते आणि झाकून सांगायचे होते. शिवाय पेढीवर बसलेला माणूस मोती आधी मोजणार आणि खुर्दा शेवटी, हे त्याच्या धंद्याला धरूनच झाले. माझे गाऱ्हाणे आहे ते त्याच्यामागून अडीचशे वर्षे लिहीत आलेल्या आम्हा लेखकमंडळींविषयी. आम्हाला ना पत्र लपवायचे होते, ना ते एका चिठोऱ्यावर बसवायचे होते. तरीही पानिपतचा जमाखर्च आम्ही त्याच वहीत, त्याच क्रमाने लिहीत आलो. मोत्यांवर ग्रंथ झाले, मोहरांवर प्रकरणे झाली; खुर्द्याच्या रकान्यात मात्र त्या सावकाराने मारलेली रेघ अजून तशीच आहे.

हे लक्षात येण्यासाठी एकदा पानिपतला जाऊन यावे. तेथे जाणाऱ्या मराठी प्रवाशाची पहिली भावना बहुधा निराशेची असते. आपली सवय गडकोटांची. पावनखिंडीत उभे राहिले की मूठभर माणसांनी मोठ्या फौजेची वाट कशी अडवून धरली ते जमीनच सांगते. प्रतापगडाच्या माचीवरून खाली पाहिले की अफझलखानाची फौज जावळीच्या रानात कशी अडकली ते कोणी समजावून द्यावे लागत नाही. पानिपतची जमीन बोलत नाही. दिल्लीच्या उत्तरेला नव्वद-एक किलोमीटरवरचे हे गाव. भोवती नजर पोचेल तोवर सपाट मुलूख, शेते, कारखाने आणि धावणारी मालगाड्यांची रांग. आंब्याचे एक झाड रक्ताने काळवंडले अशी दंतकथा सांगतात, त्या ‘काला आंब’च्या जागी एक स्तंभ, कुंपण आणि बाग आहे. अलीकडे दर वर्षी १४ जानेवारीला तेथे माणसे जमतात, भाषणे होतात. एरवी ती जागा शांत असते.

पण थोडे थांबले की ती सपाट जमीनही दोन गोष्टी सांगते, आणि त्या दोन्ही आपल्या पुस्तकांतून सहसा हाती लागत नाहीत.

पहिली गोष्ट दिशेची. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठी फौजेने पानिपतच्या उत्तरेचे कुंजपुरा जिंकले; तेवढ्यात अब्दालीने मागे, दक्षिणेला बागपतजवळ यमुना ओलांडली. त्यामुळे उत्तरेकडून आलेला अब्दाली मराठ्यांच्या दक्षिणेला झाला आणि दक्षिणेकडून आलेले मराठे त्याच्या उत्तरेला. दिल्लीची वाट, रसदेची वाट, घरची वाट सगळी त्याच्या पाठीमागे गेली. अडीच महिने छावणी कोंडून पडली. डिसेंबरात बळवंतराव मेहेंदळे पडले, गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि दाणावैरणीचा उरलासुरला आधारही तुटला. १४ जानेवारी १७६१ रोजी फौज निघाली ती न लढणाऱ्यांना सांभाळीत, लढत लढत दिल्लीच्या रोखाने बाहेर पडण्यासाठी. म्हणजे त्या सकाळी आपली माणसे दक्षिणेकडे तोंड करून चालली होती. मैदानावर उभे राहून तिकडे पाहिले की दुपारचे ऊन डोळ्यांवर येते. नकाशात ही दिशा बाणाने दाखविलेली असते. तेथे ती तोंडावर येते. अटकेपार गेलेल्यांची कथा म्हणून आपण जे वाचतो, ते त्या सकाळपुरते पाहिले तर उपाशी माणसांनी घराकडे फोडू पाहिलेली वाट होती.

दुसरी गोष्ट थंडीची. पानिपत आज ब्लँकेटांसाठी आणि चादरींसाठी प्रसिद्ध आहे. जुने लोकरी कपडे पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढण्याचा तेथे मोठा धंदा चालतो. बाजारातून हिंडताना दुकानादुकानांतून ब्लँकेटांच्या थप्प्या दिसतात. याच भूमीवर देशावरची आणि कोकणातली माणसे पौषाच्या थंडीत रात्री काढीत होती. लढाईची कारणे सांगताना तोफा, घोडदळ, सरदारांचा बेबनाव यांची चर्चा आपण करतो. पांघरुणाची कोणी करीत नाही. मोत्यांना थंडी वाजत नसावी.

आता आपल्या लेखनाकडे वळू. ‘भाऊसाहेबांची बखर’ हा मराठी गद्याचा एक अलंकार आहे, याविषयी दुमत नसावे. तिच्यातली माणसे बोलतात, आणि अशी बोलतात की अडीच शतकांनंतरही त्यांचा आवाज कानांत राहतो. बुराडी घाटावर पडलेल्या दत्ताजी शिंद्यांच्या तोंडचे वाक्य आजही शाळकरी मुलांच्या ओठांवर आहे. परंतु बखरकाराच्या दरबारात ज्याला आसन आहे त्यालाच वाचा आहे. पखालजी, मोतद्दार, तंबू ठोकणारा खलाशी हे तेथे गर्दी म्हणून येतात आणि गर्दी म्हणूनच मरतात.

काशीराज पंडिताची गोष्ट निराळी. हा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, म्हणजे आपल्याविरुद्ध बाजूच्या छावणीत. आणि त्याने पुढे सुमारे १७८० साली फारसीत जे लिहून ठेवले ते डोळ्यांनी पाहिलेल्याचे लिहिणे आहे. विश्वासरावांचे आणि भाऊंचे प्रेत शोधण्यात तो स्वतः होता. त्याचे गद्य कोरडे आहे, पण त्या कोरडेपणात एक प्रकारचा न्याय आहे, कारण तो मैदानावरच्या प्रेतांच्या राशी मोजतो. मराठी बाजूने लिहिणाऱ्यांपैकी हे कोणाला सुचले नाही; शत्रूकडच्या मराठी माणसाला सुचले.

आणि तिसरे लिहिणे नाना फडणिसांचे. पानिपतला नाना अठरा वर्षांचे होते. बरोबर आई होती, पत्नी होती. मोहिमेच्या निमित्ताने उत्तरेची तीर्थे घडतील अशी त्या काळी अनेकांची समजूत होती. आई परत आली नाही. पुढे ज्याच्या नुसत्या नावाने दरबार चळचळा कापत, तो माणूस आपल्या लहानशा आत्मवृत्तात वेष पालटून, पायी, भुकेने व्याकूळ होऊन कसा पळाला ते सांगतो. त्या चार पानांत नाना फडणीस हा मोहरा नाही, खुर्द्यातला एक आहे. म्हणूनच मला ती पाने पानिपतवरच्या सगळ्या मराठी लेखनात सर्वांत जवळची वाटतात. दैवाचा खेळ असा की या माणसाचे पुढचे आयुष्य एवढे मोठे झाले की त्याच्या चरित्रकारांना या चार पानांवर फार वेळ थांबायला सवड मिळाली नाही.

पुढे इतिहासकार आले आणि पानिपतचा खटला उभा राहिला. खटला हा शब्द मी हेटाळणीने वापरीत नाही. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढून त्या काळची अस्सल पत्रे लोकांपुढे ठेवली. सरदेसायांनी ‘रियासती’त सगळी हकीकत सुसंगत मांडली. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी १९४६ साली इंग्रजीत आणि १९६१ साली, लढाईला दोनशे वर्षे झाली तेव्हा, मराठीत ‘पानिपत : १७६१’ लिहून भाऊंवरचे आरोप एकेक करून तपासले. विद्वत्तेच्या दृष्टीने हे डोंगराएवढे काम आहे. पण खटल्यात बोलणार कोण? आरोपी, फिर्यादी, वकील आणि न्यायाधीश. भाऊ दोषी की मल्हारराव दोषी, गोविंदपंतांनी कसूर केली की नाही, बायकामाणसे बरोबर घेणे चुकले की नाही, या प्रश्नांभोवती दीड शतक आपली विद्वत्ता फिरत राहिली. ज्यांची फिर्याद, ते मात्र कचेरीबाहेर ओट्यावर बसून राहिले.

कवितेने खटल्याच्या जागी उपदेश ठेवला. गोविंदाग्रजांचा ‘पानपतचा फटका’ ऐकताना रक्त सळसळते हे खरे. पण फटका हा प्रकारच अनंत फंदीपासून शहाणपण शिकविण्याचा. त्यात पानिपत हा पुढच्या पिढ्यांना द्यायचा धडा होतो, आणि धड्यासाठी मेलेली माणसे एका संख्येएवढीच लागतात. नाटकाने एक वेगळी वाट धरली होती. नरसिंह चिंतामण केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’चा विषय लढाईनंतरचा आहे. भाऊ जिवंत आहेत म्हणून एक माणूस उभा राहतो, लोक त्याच्यामागे जातात, आणि १७७६ साली त्याचा शेवट होतो. कोणी परत येईल म्हणून पंधरा पंधरा वर्षे वाट पाहणारी माणसे असल्यावाचून असा तोतया उभा राहू शकत नाही. पार्वतीबाईंनी १७८३ मध्ये मरेपर्यंत वैधव्य मानले नाही, असे सांगतात. त्यांची वाट पाहणे इतिहासात नोंदले गेले, कारण ते एका मोत्यासाठी होते. पण महाराष्ट्रात त्या वर्षांत अशा किती पार्वतीबाई उंबऱ्यात बसून होत्या!

आजच्या वाचकाचे पानिपत म्हणजे विश्वास पाटलांची १९८८ सालची कादंबरी. तिने केवढे काम केले हे आम्हा मास्तरांना विचारावे. ज्या घरांत इतिहासाचे पुस्तक शिरत नव्हते तेथे ती शिरली. भूक, चिखल, जनावरे, माणसांचा लोंढा हे सारे तिने डोळ्यांपुढे उभे केले, आणि भाऊंना हेकट गर्विष्ठ ठरवून मोकळे होणाऱ्या जुन्या मताला सामान्य वाचकाच्या मनातून बाहेर काढले. तरीही ती भाऊंची कादंबरी आहे. स्वतः कादंबऱ्या लिहिणारा म्हणून मला ठाऊक आहे की नायक एकदा घोड्यावर बसला की दिवा त्याच्याबरोबर चालू लागतो आणि मागे अंधार पडत जातो. हा त्या लेखकाचा दोष म्हणण्यापेक्षा आम्ही सर्वांनी पत्करलेल्या साच्याचा दोष म्हणावा.

माझ्या वर्गात पानिपत दर वर्षी येते. ‘मराठ्यांच्या पराभवाची कारणे लिहा’ हा प्रश्न ठरलेला, आणि उत्तरही मुद्द्यांत ठरलेले. एकदा मुद्दे फळ्यावर लिहून मी वळलो तर तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “गुरुजी, मग त्या बायका घरी कशा आल्या?” परीक्षेत हा प्रश्न कधी आला नाही आणि येणारही नाही. पण पानिपतवर मराठीत जे लिहिले गेले त्याची परीक्षा घ्यायची तर याहून चांगला प्रश्न मला सुचत नाही.

त्याचे उत्तर, जेवढे मिळते तेवढे, काला आंबच्या स्तंभापाशी मिळत नाही. ते शंभराहून अधिक मैल दक्षिणेला, डीग-भरतपुरात मिळते. उघडीवाघडी, उपाशी, जखमी माणसे तेथवर पोचली तेव्हा सूरजमल जाटाने त्यांना अन्न दिले, वस्त्र दिले, औषधपाणी केले आणि पुढे वाटेला लावले. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहादूर जखमी होऊन तिकडेच वारला. मोहिमेत भाऊंचे आणि सूरजमलचे पटले नव्हते, तो आधीच निघून गेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या अन्नाची किंमत कळते. आणि ज्या बायका भरतपूरपर्यंत पोचल्याच नाहीत, ज्यांना अब्दालीच्या फौजेने पकडून नेले, त्यांच्यापैकी काहींना परतीच्या वाटेवर पंजाबात शीख दलांनी सोडविले असे शीख परंपरा अभिमानाने सांगते. पानिपतची यात्रा करणाराने डीगला जाऊन यावे, असे मला म्हणूनच वाटते. जेथे आपण हरलो ती जागा पाहिली. जेथे परक्यांनी आपल्याला जेवू घातले तीही पाहावी. एकीने रोष जागा होतो, दुसरीने ऋण.

या सगळ्याचे मोजमाप बाहेरून आणायची गरज नाही. पानिपतच्या उत्तरेला सत्तर-एक किलोमीटरवर कुरुक्षेत्र आहे. त्या फौजेबरोबरच्या कित्येकांच्या मनात तेथे स्नान करण्याचा संकल्प होता. कुरुक्षेत्र हेही रणांगणच. पण आपण तेथे जातो ते तीर्थ म्हणून. हे कसे झाले? एक कारण गीतेत आहे. दुसरे, मला वाटते, स्त्रीपर्वात आहे. अठरा दिवसांचे युद्ध सांगून झाल्यावर महाभारतकाराने लेखणी खाली ठेवली नाही. त्याने गांधारीला आणि कुरुकुलाच्या सुनांना त्या मैदानावर आणून उभे केले. कोणी धडाशी शिर जुळवून पाहते आहे, कोणी नवऱ्याचा हात ओळखते आहे. ज्यांनी जिंकले त्यांच्यादेखत हे सारे चालले आहे. आणि मग युधिष्ठिर विदुरादिकांना सांगतो की दूर देशांहून आलेले, ज्यांचे येथे कोणी नाही, त्यांचेही दहन यथाविधी करा. निनावी मेलेल्यांच्या चिता रचल्यावाचून महाभारत पुढे सरकत नाही.

नरकचतुर्दशीला आपण पहाटे उठून अभ्यंगस्नान करतो ते एका युद्धाच्या आठवणीने. त्या कथेत नरकासुर मेला एवढेच नाही. त्याच्या बंदिखान्यातल्या सोळा सहस्र स्त्रिया सुटल्या, आणि सुटून आल्यावर त्यांना मानाने घर मिळाले. युद्धाची आठवण कशी ठेवावी याची आपली जुनी समज अशी पूर्ण होती. पानिपतवर आपल्याकडे भीष्मपर्व आहे, द्रोणपर्व आहे, कोण चुकले याची शल्य-कर्णांची बाचाबाची तर उदंड आहे. स्त्रीपर्व नाही.

येथे विद्वान हरकत घेतील. ज्यांची नावे कागदावर नाहीत त्यांच्याविषयी लिहायचे कसे? कल्पनेने लिहिले तर तो इतिहास नव्हे, आणि कागद तर मोत्यांचेच आहेत. हरकत योग्य आहे, पण वाटते तेवढी भक्कम नाही. महादजी शिंदे पानिपतावर पायाला जबर जखम होऊन पडले होते. त्यांना आपल्या बैलावर घालून सुखरूप काढले ते राणेखान नावाच्या भिश्त्याने. महादजींनी त्याला भाऊ मानले. पुढे तो ‘राणेखान भाई’ म्हणून त्यांच्या फौजेचा एक मोठा सेनानी झाला आणि दिल्लीपर्यंत मोहिमा करून आला. खुर्द्यातले हे एक नाणे आपल्या हाती लागले, कारण ज्याला त्याने वाचविले तो कृतघ्न नव्हता. पण राणेखानाजवळ बैल होता, पखाल होती, भोवती त्याच्यासारखे आणखी भिश्ती होते. एका नाण्यावरून टांकसाळीची कल्पना येते.

आणि कागदही अगदीच मुके नाहीत. राजवाड्यांच्या त्या पहिल्या खंडातली भाऊंची पत्रे रसद, पैसा, दाणा यांच्या मागणीने भरलेली आहेत. दाणा म्हटला की तो बैलांवर लादून आणणारा आला. घोडा म्हटला की नालबंद, तंबू म्हटला की फरास, पत्र म्हटले की ते कमरेला बांधून धावणारा कासीद आला. आपल्या भाषेनेही त्यांना एक नाव देऊन ठेवले आहे: बाजारबुणगे. आज हा शब्द शिवी आहे. निरुपयोगी माणसांची गर्दी, असा त्याचा अर्थ आपण करतो, आणि पानिपतच्या पराभवाचा एक मुद्दा म्हणून मुलांकडून लिहूनही घेतो. फौजेला भाकरी, पाणी आणि नाल पुरविणाऱ्या माणसांच्या नावाची शिवी व्हावी, यात त्यांचा दोष कमी आणि आपल्या स्मृतीचा अधिक.

दगड या बाबतीत कधी कधी पुस्तकांपेक्षा बरे वागले आहेत. आपल्या गावोगावच्या देवळांबाहेर वीरगळ उभे असतात. खालच्या खणात लढून पडलेला वीर, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगापाशी हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे. बहुतेकांवर नाव नाही, पण प्रत्येकाला आपला स्वतःचा दगड आहे. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर नावेही आहेत. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांची एकोणपन्नास नावे तेथे आहेत, त्यांतली बावीस ‘नाक’ या उपपदाची, म्हणजे महार शिपायांची. कंपनीने तो स्तंभ स्वतःच्या विजयासाठी उभारला. त्याचा हेतू वेगळा होता. पण कोरलेले नाव वाचणाऱ्याची वाट पाहत राहते. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तेथे गेले, आणि आज दर वर्षी लाखो लोक जातात. त्या दिवशी तेथे आजोबा नातवाला दगडावरची अक्षरे बोटाने दाखवितात. सेनापतीचे नाव कोणी शोधीत नाही.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच माणसांचे आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात मराठा पलटणी लढल्या. एप्रिल १९१६ मध्ये कूत येथे जी सेना शरण गेली तिच्यात त्या होत्या, आणि त्या सेनेचे नावच पुणे डिव्हिजन होते. त्या आघाडीवरच्या मृतांसाठी १९२९ साली बसऱ्याला मोठे स्मारक झाले. त्यावर गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या. हा भेदभाव होता असे त्या युद्धस्मारक आयोगानेच २०२१ साली मान्य केले. सातारा-रत्नागिरीकडच्या काही गावांत भिंतीत बसविलेल्या पाट्या असतात: या गावातून इतके गेले, इतक्यांनी प्राण दिले. त्या ‘इतक्यां’त कोणाचा आजा होता ते गाव सांगू शकते, पाटी सांगत नाही. परक्या राज्याने आपल्या माणसांना आकड्यांत बसविले म्हणून आपल्याला राग येतो, आणि तो यावाच. मग पानिपतच्या माणसांना खुर्द्यात कोणी बसविले?

अगदी कोणीच त्यांना मोजले नाही असे मात्र नाही. ग्रँट डफच्या इंग्रजी मजकुरात मोती, मोहरा आणि नाणी आहेत. मराठीत तोंडी चालत आलेल्या मजकुरात त्यांच्याही आधी एक गोष्ट येते: लाख बांगडी फुटली. कोणी सव्वा लाख म्हणतात. पेढीवरच्या हिशेबात बांगडीला जागा नाही. फुटलेल्या काचेला बाजारात मोल नसते. ही मोजणी घराघरांतली आहे. तिने मोत्याची बांगडी आणि पखालजीची बांगडी वेगळी धरली नाही, दोन्हींची गणती एकेकच केली. त्यात संक्रांत म्हणजे बांगड्या भरण्याचा, हळदीकुंकवाचा सण; लढाई त्याच सुमारास झाली. ज्या स्त्रीपर्वाची मी वाट पाहतो आहे त्याचे पहिले तीन शब्द लोकांनी असे केव्हाच रचून ठेवले आहेत. पुढचे लिहायचे राहिले, ते आमच्याकडून.

पानिपतला मोठे स्मारक उभारण्याचा मनोदय महाराष्ट्र शासनाने २०२५ साली जाहीर केला आहे. स्मारक व्हावे. भाऊंचा पुतळा तेथे होईल, विश्वासरावांचा होईल, इब्राहिमखान गारद्याला विसरणार नाहीत अशी आशा आहे. शिल्पकार आपले काम करतील. पण दगडावर काय कोरायचे ते शिल्पकाराला शेवटी लेखकानेच सांगायचे असते. त्याला सांगता येईल असे काही आपल्याजवळ असावे. एखाद्या भिंतीवर भिश्ती, मोतद्दार, नालबंद, बेलदार, माहूत, फरास, कासीद, यात्रेकरू बायका आणि त्यांची कडेवरची मुले असे नुसते क्रमाने कोरले, आणि त्या भिंतीचे तोंड दक्षिणेकडे केले, तरी पुरे. तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीला मी सहलीला तेथे नेईन. ती विचारील तेव्हा मला बोटाने दाखविता येईल.